पाहुण्याला बोलतं करताना

दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीचं तंत्र समजून घ्यायचं असेल, तर जयललिता यांच्या दोन मुलाखती एकापाठोपाठ एक पाहाव्यात. पहिली १९९९ सालची, 'राँदेव्हू विथ सिमी गरेवाल' या कार्यक्रमातली. पांढराशुभ्र सेट, पांढऱ्याच कपड्यांतल्या सिमी आणि समोर तमिळनाडूच्या त्या करारी नेत्या. त्याच वर्षी त्यांनी पाठिंबा काढून घेतल्यामुळे वाजपेयी सरकार एका मताने कोसळलं होतं. देशभर त्यांचा दरारा होता. गप्पांच्या ओघात त्या शाळकरी वयात शिरतात. क्रिकेटपटू नरी कॉन्ट्रॅक्टर आपल्याला किती आवडायचे आणि त्यांना बघायला मिळावं म्हणून आपण कसोटी सामन्याला कशा जायचो, हे सांगताना त्या चक्क लाजतात. शम्मी कपूरचंही नाव निघतं. पुढे सिमीच्या आग्रहावरून त्या 'चोरी चोरी' चित्रपटातलं गाणं गुणगुणतात. मग आईची आठवण निघते. आई चित्रपटांत काम करायची, त्यासाठी ती दूर मद्रासला असायची. ती घरी आली की छोटी जयललिता तिच्या साडीचा पदर हातात घट्ट धरून झोपायची, सोडायचीच नाही. मग निघायच्या वेळी आई अलगद साडी सोडायची, मावशी ती अंगाभोवती गुंडाळून शेजारी येऊन पडायची. जाग आल्यावर आई नाही हे कळायचं.

दुसरी मुलाखत २००४ सालची, बीबीसीच्या 'हार्ड टॉक इंडिया'मधली. समोर करण थापर. लोकसभेच्या निवडणुकीत तमिळनाडूत पक्षाचा धुव्वा उडाल्यावर जयललितांनी आपले बरेच निर्णय मागे घेतले होते. ते का घेतले, ज्योतिषावर तुमचा विश्वास आहे का, अशा प्रश्नांचा मारा सुरू होतो. त्यांचा चेहरा घट्ट होत जातो. शेवटी थापर आभार मानून हात पुढे करतात, तेव्हा तुमच्याशी बोलून मला अजिबात आनंद झाला नाही अशा अर्थाचं वाक्य ऐकवून त्या नमस्ते म्हणतात, मायक्रोफोन काढून ठेवतात आणि निघून जातात.

बाई तीच, वेळ तीच अर्ध्या-पाऊण तासाची. मग खऱ्या जयललिता कुठल्या? माझ्या मते दोन्ही खऱ्या. बातम्यांच्या मुलाखतीत बोलावलेला माणूस उत्तरदायी असतो, त्याच्याकडून जबाब हवा असतो. गप्पांच्या कार्यक्रमात, म्हणजे ज्याला आपण सर्रास 'चॅट शो' म्हणतो त्यात, तो पाहुणा असतो. पाहुण्याचा मान राखायचा, त्याला अडचणीत आणायचं नाही, हे तिथे गृहीत असतं. म्हणून चॅट शोकडून सत्तेला जाब विचारण्याची अपेक्षा धरणं चुकीचं आहे. पण थापर यांच्या सगळ्या प्रश्नांतून पदर धरून झोपलेली ती मुलगी कधीच बाहेर आली नसती, हेही तितकंच खरं. हा प्रकार नुसता टाइमपास म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. माणसाविषयीची जी माहिती चरित्रकाराला वर्षानुवर्षं शोधावी लागते, ती कधी कधी इथे सहज सांडते. मात्र ती सांडावी यासाठी पडद्यामागे बरंच काही करावं लागतं.

गप्पांच्या या कार्यक्रमाचा साचा अमेरिकेत तयार झाला. २७ सप्टेंबर १९५४ रोजी एनबीसी वाहिनीवर स्टीव्ह अॅलन यांचा 'टुनाइट' देशभर दिसू लागला. सुरुवातीला यजमानाने एकट्याने उभं राहून केलेली टिप्पणी, मग टेबल, टेबलाशेजारी पाहुण्याची जागा, बाजूला वाद्यवृंद, समोर प्रेक्षक. आज जगात कुठेही रात्रीचा गप्पांचा कार्यक्रम लावा, थोड्याफार फरकाने मांडणी हीच दिसते. १९६२ मध्ये जॉनी कार्सन त्या टेबलामागे बसले ते १९९२ मध्येच उठले. तीस वर्षं अमेरिकेतली अनेक घरं त्यांच्या कार्यक्रमानंतरच दिवा मालवत होती.

कार्सन यांच्या कार्यक्रमात एक पद्धत पक्की झाली आणि ती प्रेक्षकाला ठाऊक असायला हवी. पाहुणा स्टुडिओत येण्याच्या एक-दोन दिवस आधी कार्यक्रमाचा एक माणूस त्याला फोन करतो आणि भरपूर बोलतो. नवीन काय चाललंय, प्रवासात काही गंमत झाली का, लहानपणीचा एखादा किस्सा आहे का. या लांबलचक बोलण्यातून तो तीन-चार किस्से निवडतो आणि प्रत्येक किस्स्याकडे नेणारा एकेक प्रश्न कार्डावर लिहून यजमानाच्या हाती देतो. प्रत्यक्ष कार्यक्रमात यजमान म्हणतो, 'मी ऐकलं, तुम्हाला घोड्यांची भीती वाटते?' पाहुणा हसतो, मान हलवतो आणि ठरलेला किस्सा रंगवून सांगतो. घोड्याबद्दल यजमानाला अचानक कसं सुचलं, याचं उत्तर हे असं त्या कार्डावर असतं.

यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही. पाहुण्याच्या वाट्याला आठ-दहा मिनिटं येतात. दिव्यांचा उजेड तोंडावर, समोर शेकडो माणसं, अशा वेळी भल्याभल्या नटांनाही काही सुचत नाही. पडद्यावर दुसऱ्याने लिहिलेले संवाद म्हणणारा माणूस स्वतःविषयी बोलताना गडबडतो, हे सगळेच मुलाखतकार जाणतात. पूर्वतयारी हा त्याला दिलेला आधार आहे. पण यजमान कार्डाला चिकटून राहिला की सगळं मुसळ केरात जातं. पाहुण्याने बोलता बोलता एखादं वेगळंच वाक्य टाकलं, आवाज किंचित बदलला, तर त्या क्षणी कार्ड बाजूला ठेवून 'म्हणजे काय झालं?' एवढंच विचारता आलं पाहिजे. तिथून पुढे जे येतं ते कुणीच आधी ऐकलेलं नसतं. चांगल्या आणि सुमार यजमानातला फरक मला कायम इथेच दिसत आलेला आहे. सुमार यजमान पाहुणा बोलत असताना पुढचा प्रश्न शोधत असतो, आणि त्याची नजर ते लपवू शकत नाही.

बसण्याच्या जागांनाही अर्थ असतो. ब्रिटनमध्ये बीबीसीवर १९५९ पासून जॉन फ्रीमन 'फेस टू फेस' नावाचा कार्यक्रम करत. त्यात फ्रीमन जवळपास दिसतच नसत, त्यांची पाठ किंवा खांदा तेवढा दिसे. कॅमेरा पाहुण्याच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ असे, कपाळावरचा घामसुद्धा टिपला जाई. १९६० मध्ये गिल्बर्ट हार्डिंग हे तेव्हाचे अतिशय लोकप्रिय, तापट म्हणून ओळखले जाणारे दूरचित्रवाणी कलावंत त्या खुर्चीत बसले. तुम्ही कधी कुणाचा मृत्यू जवळून पाहिला आहे का, असं फ्रीमन यांनी विचारलं, आणि आईच्या आठवणीने हार्डिंग यांचा आवाज दाटला, डोळे भरून आले. काही आठवड्यांनी हार्डिंग वारले. त्या प्रश्नाबद्दल फ्रीमन यांना पुढे खंत वाटत राहिली. आज पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं की तोच तुकडा जाहिरातीत आधी दाखवतात. फ्रीमन यांची ती खंत त्या तुकडे कापणाऱ्यांपर्यंत पोहोचायला हवी.

सोफ्याच्या मांडणीत पाहुणा यजमानाकडे पूर्ण तोंड करून बसत नाही. दोघांच्या जागा किंचित तिरक्या ठेवतात, म्हणजे एकमेकांकडे बघतानाही दोघांचे चेहरे कॅमेऱ्याला मिळतात. किमान तीन कॅमेरे लागतात: एक पाहुण्यावर, एक यजमानावर, एक दोघांना मिळून. संकलनाच्या टेबलावर यजमानावरच्या कॅमेऱ्याचा मोठा उपयोग होतो. दीड-दोन तासांच्या गप्पांतून चाळीस-पंचेचाळीस मिनिटं काढायची तर मधली वाक्यं उडवावी लागतात, आणि ती कापाकापी झाकायला यजमानाचं हसणं किंवा मान डोलावणं मध्ये घालतात. ते हसणं नेमकं त्याच वाक्यावरचं असेल याची खात्री प्रेक्षकाला कधीच नसते.

आता ज्या मुलाखतींमुळे मला हा विषय मनापासून महत्त्वाचा वाटतो त्यांच्याकडे वळतो. मायकेल पार्किन्सन हे यॉर्कशरच्या खाणकामगाराचे चिरंजीव, पेशाने पत्रकार. १९७१ मध्ये बीबीसीवर त्यांचा कार्यक्रम सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी त्यांच्यासमोर मुष्टियोद्धा महंमद अली बसला. त्यानंतर १९८१ पर्यंत तो एकूण चार वेळा आला. पहिल्या मुलाखतीत अली ऐन भरात आहे. लहानपणी मी आईला विचारायचो की सगळं चांगलं ते गोरंच का असतं, देवदूत गोरे, येशू गोरा, आफ्रिकेच्या जंगलाचा राजा टारझनसुद्धा गोरा, असं तो सांगतो. प्रेक्षक आधी खळखळून हसतात, मग हळूहळू गप्प होतात. शब्द इतक्या वेगाने येतात की पार्किन्सन यांना मध्ये शिरायला फट मिळत नाही, आणि शहाणपणाने ते शिरतही नाहीत. १९७४ च्या मुलाखतीत अली भडकतो, पार्किन्सन यांच्यावर तुटून पडतो. तेव्हाही पार्किन्सन विषय बदलून पळ काढत नाहीत. १९८१ मधला अली मात्र ओळखू येत नाही. शब्द जड झालेत, वाक्यं संथ झालीत, चेहरा भरल्यासारखा वाटतो. कंपवाताचं निदान त्यानंतर तीन वर्षांनी, १९८४ मध्ये झालं.

अमेरिकेतल्या अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये या निदानाआधीच्या वर्षांकडे वळून पाहिलं. अलीच्या १९६८ ते १९८१ या काळातल्या जाहीर मुलाखतींची ध्वनिमुद्रणं त्यांनी संगणकावर तपासली, एका सेकंदात तो किती अक्षरं उच्चारतो हे मोजलं. वयाच्या सव्विसाव्या वर्षापासून एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत त्याच्या बोलण्याचा वेग सुमारे २६ टक्क्यांनी मंदावलेला होता. अजून तो व्यावसायिक सामने खेळत होता, आणि मेंदूला होत चाललेली इजा लोकांसमोर, हसतखेळत चाललेल्या गप्पांत नोंदवली जात होती. करमणुकीसाठी घेतलेल्या मुलाखती वैद्यकाचा पुरावा ठरल्या. त्या मुलाखती घेणाऱ्यांनी पाहुण्याला मनसोक्त बोलू दिलं होतं म्हणूनच मोजण्यासारखं काही उरलं.

आपल्याकडे ही परंपरा मुंबईत सुरू झाली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि त्याच वर्षी तबस्सुम यांचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' आला. तो १९९३ पर्यंत चालला. तबस्सुम १९४७ पासून बालकलाकार म्हणून पडद्यावर होत्या. १९५१ च्या 'दीदार' मध्ये लहानपणीच्या नर्गिसची भूमिका त्यांनी केली होती. त्यामुळे पाहुणा कितीही मोठा असला तरी तबस्सुम यांना तो परका नव्हता. त्या काळात नटनट्या भेटायच्या त्या चित्रपटात, किंवा सिने-मासिकांतल्या छापील मुलाखतींत. एखादा खलनायक खुर्चीत आरामात बसून आपल्या घरच्यांविषयी बोलतो आहे, संगीतकार चालीची जन्मकथा सांगतो आहे, हे हलत्या चित्रांत घरबसल्या दिसणं केवढं अपूर्वाईचं होतं, याची आज कल्पना येणार नाही. मुंबईच्या चाळींत एका घरी टीव्ही आणि दारापर्यंत दाटीवाटीने बसलेली शेजारची माणसं, हा त्या कार्यक्रमाचा प्रेक्षक.

तबस्सुम अवघड प्रश्न विचारत नसत. शेर, चुटके, मनमोकळं हसणं आणि भरपूर अगत्य, असा सगळा मामला. त्यावर टीका करता येईल. पण त्यांनी केवळ नायक-नायिकांनाच मान दिला असं नाही. चरित्र अभिनेते, गायक, संगीतकार यांनाही तितक्याच आपुलकीने बोलतं केलं, आणि पाहुण्याचा नवा चित्रपट अमुक शुक्रवारी येतोय म्हणून त्याला बोलावलंय असा वास त्या गप्पांना नव्हता. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी त्या गेल्या तोवर, अगदी शेवटच्या वर्षांत, यूट्यूबवर जुन्या कलावंतांच्या आठवणी सांगत होत्या.

१९९१-९२ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि चित्र पालटलं. सिमी गरेवाल यांचा १९९७ मधला कार्यक्रम, फारुख शेख यांनी 'झी'वर केलेला 'जीना इसी का नाम है', हे त्या काळातले सगळ्यात सुसंस्कृत कार्यक्रम. फारुख शेख पाहुण्याच्या जुन्या शिक्षकांना, बालमित्रांना, हरवलेल्या सहकाऱ्यांना अचानक समोर आणत, आणि स्वतः मागे राहत. हे मागे राहणं फार थोड्या यजमानांना जमतं.

१९ नोव्हेंबर २००४ रोजी 'कॉफी विथ करण' सुरू झाला, पहिल्या भागात शाहरुख खान आणि काजोल. तबस्सुम यांच्याप्रमाणे करण जोहरही चित्रपटसृष्टीत वाढलेले. फरक असा की ते निर्माते आहेत. समोर बसलेला नट उद्या त्यांच्याच चित्रपटात काम करणार असतो. त्यामुळे गप्पांना घरगुतीपणा येतो, त्याचबरोबर प्रत्येक उत्तराला व्यवहाराचं वजनही येतं. त्यांच्या कार्यक्रमातला सर्वांत गाजलेला भाग म्हणजे 'रॅपिड फायर', झटपट प्रश्न आणि झटपट उत्तरं, जिंकणाऱ्याला भेटवस्तूंची मोठी टोपली. विचार करायला उसंत न दिल्यामुळे माणूस खरं बोलतो, असा त्यामागचा कयास. प्रत्यक्षात माणूस बहुतेक वेळा चटपटीत बोलतो, खरं बोलतोच असं नाही. या कार्यक्रमाच्या चौथ्या पर्वात आलिया भटने देशाचे राष्ट्रपती म्हणून पृथ्वीराज चव्हाणांचं नाव घेतलं, तेव्हा ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. देशभर तिची टिंगल झाली. वीस-एकवीस वर्षांच्या मुलीला घंटी दाबायला लावून विचारलेल्या प्रश्नावरून तिची अक्कल काढणाऱ्यांनी जरा सबुरी दाखवायला हवी होती. पुढे त्याच प्रसंगावर बेतलेल्या विनोदी व्हिडिओत काम करून तिने ती टिंगल स्वतःच पचवून दाखवली.

याच सोफ्यावर २०१७ मध्ये कंगना रनौत यांनी यजमानालाच घराणेशाहीचा झेंडेकरी म्हटलं, आणि तो वाद पुढे कित्येक वर्षं चालला. जोहर यांनी तो भाग न कापता दाखवला, हे त्यांच्या श्रेयाचंच म्हणायला हवं. जानेवारी २०१९ मधल्या भागाचं तसं म्हणता येत नाही. क्रिकेटपटू हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल आले होते. पंड्याने स्त्रियांविषयी जे उद्गार काढले त्यावरून गदारोळ झाला, क्रिकेट मंडळाने दोघांना ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यातून माघारी बोलावून निलंबित केलं, भाग मागे घ्यावा लागला, नंतर प्रत्येकी २० लाख रुपयांचा दंड झाला. खेळाडूंना शिक्षा झाली ते ठीक. पण हा कार्यक्रम थेट प्रसारित होत नव्हता. तो चित्रित झाला, संकलित झाला, वाहिनीकडून पास झाला. एवढ्या हातांतून गेला तरी कुणालाही त्यात वावगं दिसलं नाही, किंवा दिसलं आणि चालेल असं वाटलं. मुलाखतीत पाहुणा काय बोलला याची जबाबदारी एकट्या पाहुण्याची नसते. ती दाखवायची की नाही हे ठरवणाऱ्यांचीही असते.

मराठीला मुलाखतीचं वावडं कधीच नव्हतं. वसंत व्याख्यानमाला असो, साहित्य संमेलन असो, गणेशोत्सव असो, 'प्रकट मुलाखत' हवीच, आणि लोक तीन-तीन तास मांडी घालून ऐकतात. सुधीर गाडगीळांनी तर यालाच आयुष्यभराचं काम केलं. मुंबई दूरदर्शनच्या 'प्रतिभा आणि प्रतिमा'मध्ये लेखक-कलावंत बोलत, पुढे झी मराठीवर अवधूत गुप्ते यांच्या 'खुपते तिथे गुप्ते'मध्ये राजकारण्यांपासून नटांपर्यंत सगळे येऊन गेले. रंगमंचावरच्या मुलाखतीचा एक संस्कार आपल्या यजमानांवर दिसतो: समोरच्या श्रोत्यांची नाडी हाताशी असल्यामुळे ते पाहुण्याला उगाच घाई करत नाहीत. कार्सन यांचा कार्यक्रम १९८० मध्ये दीड तासावरून एक तासावर आला तेव्हा दोन पाहुण्यांमधली निवांत बडबड आधी गेली. आपल्याकडच्या वाहिन्यांनीही जाहिरातींसाठी आणि मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्यांसाठी तीच जागा कापत आणली आहे. मुलाखतीतलं सगळ्यात मोलाचं बहुधा त्या निवांत जागेतच असतं.

आणि जे झालं त्यातलंही किती उरलं? पूर्वी चित्रफीत महाग होती, पुन्हा वापरता येत होती, म्हणून एनबीसीने कार्सन यांच्या न्यूयॉर्कमधल्या पहिल्या दहा वर्षांचे बहुतेक भाग पुसून टाकले. बीबीसीनेही त्या काळातलं बरंच काही असंच घालवलं. 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' एकवीस वर्षं चालला, आज त्यातले मोजकेच भाग पाहायला मिळतात.

म्हणून वाचकांना एक विनंती. ऐंशी-नव्वदच्या दशकांत अनेक मराठी घरांत व्हीसीआरवर दूरदर्शनचे कार्यक्रम उतरवून ठेवत असत. आपल्याकडे माळ्यावर, कपाटात अशा कॅसेट असतील तर मोडीत घालू नका. आधी त्या कोरड्या जागी उभ्या ठेवा, आपल्या दमट हवेत त्यांना बुरशी फार लवकर धरते. बुरशी दिसली तर घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नका, यंत्र आणि फीत दोन्ही जातील. कार्यक्रम, पाहुणे आणि अंदाजे वर्ष एका कागदावर लिहून आत ठेवा, आणि मग त्या डिजिटल करून घ्या. काही महत्त्वाचं सापडलं तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात चौकशी करा. हे काम लांबणीवर टाकू नका. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ मध्येच उत्पादन बंद केलं आहे.